रक्तातील साखर एकाएकी उतरते तेव्हा

वार्षिक अहवालात जमाखर्च आणि देणगीदारांच्या नामावलीबरोबर सर्वसामान्य वाचकाच्या उपयोगी पडेल असा एखादा आरोग्यविषयक लेख असावा, अशी विश्वस्त मंडळाची प्रथा आहे. मधुमेहावर या अहवालांतून पूर्वी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ते बहुतेक सर्व वाढलेल्या साखरेविषयी. वाढलेली साखर वर्षानुवर्षे हळूहळू हानी करते. उतरलेली साखर मात्र एका संध्याकाळी माणूस नेऊ शकते, आणि वेळीच ओळखली तर चमचाभर ग्लुकोजने परतही देते. म्हणून या वर्षी हा विषय घेतला आहे.

संकष्टी चतुर्थीचा दिवस होता. सायंकाळी सातच्या सुमारास रुग्णालयाच्या दारात एक जीप थांबली. मागच्या आसनावर सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आडवे होते. उजवा हात लुळा पडलेला, बोलणे अस्पष्ट, सदरा घामाने भिजलेला. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, बाबांना अर्धांगवायू झालाय. मेंदूचा फोटो काढायला शहरात नेतोय. तुम्ही फक्त बी. पी. पाहून द्या, आम्हाला लगेच निघायचे आहे." शहर दोन तासांवर होते. आमच्या कॅज्युअल्टीतील सिस्टरांनी रक्तदाबाचा पट्टा बांधता बांधताच गुरुजींच्या बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेतला. आकडा आला ३१. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज सुरू केले. बाटली संपण्यापूर्वीच उजव्या हाताची बोटे हलू लागली, आणि थोड्या वेळाने गुरुजींनी डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला तो असा, की चंद्रोदय झाला का?

गुरुजींनी सकाळी नेहमीप्रमाणे मधुमेहाची गोळी घेतली होती. उपास चंद्रोदयानंतर सोडावयाचा, म्हणून दिवसभरात चहाखेरीज काही घेतले नव्हते. गोळीला उपास कळत नाही. तिने आपले काम केले. ती जीप तशीच पुढे गेली असती, तर वाटेतले दोन तास आणि तपासणीच्या रांगेतला आणखी एखादा तास मेंदूला साखरेवाचून काढावा लागला असता. त्यानंतर तो हात हलला असता की नाही, हे मी सांगू शकत नाही.

उतरलेल्या साखरेचे दुखणे अर्धांगवायूचे हुबेहूब सोंग घेते, तसेच ते अपस्माराचे, वेडाचे आणि दारूच्या नशेचेही घेते. त्यामागील कारण शरीरव्यापारात आहे. निरोगी प्रौढ माणसाच्या संपूर्ण रक्तात कोणत्याही क्षणी फिरणारी साखर सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा भरेल इतकीच असते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण विश्रांतीच्या स्थितीतही एकूण ऊर्जेचा जवळजवळ पाचवा हिस्सा तो वापरतो. दिवसाला सुमारे १२० ग्रॅम, म्हणजे तासाला ५ ग्रॅम ग्लुकोज त्याला लागते. स्नायूंजवळ स्वतःचा साठा असतो, चरबी जाळण्याची सोय असते. मेंदूजवळ साठा नगण्य आहे. रक्त जे आणून देईल त्यावर त्याचा चरितार्थ. हा पुरवठा अखंड राहावा म्हणून यकृत आपल्याजवळचे ग्लायकोजेन फोडून रक्तात साखर सोडत असते, आणि स्वादुपिंड इन्शुलिन कमीअधिक करून तोल सांभाळते. निरोगी माणूस दिवसभर निर्जळी उपास करूनही बेशुद्ध पडत नाही तो यामुळे. बाहेरून टोचलेले इन्शुलिन किंवा स्वादुपिंडाला सतत इन्शुलिन सोडावयास लावणारी गोळी हा तोल मोडते. साखर घसरू लागली तरी ते इन्शुलिन मागे घेता येत नाही.

ही गोष्ट वैद्यकाला इन्शुलिनच्या जन्मापासून माहीत आहे. १९२१-२२ च्या हिवाळ्यात टोरांटो येथे जेम्स कॉलिप हे बँटिंग आणि बेस्ट यांच्या अर्काचे शुद्धीकरण करीत असता, तो टोचलेले ससे आचके देऊन कोसळत आणि ग्लुकोज देताच पुन्हा उभे राहत. लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला ११ जानेवारी १९२२ रोजी पहिले इंजेक्शन दिले गेले. त्या काळी इन्शुलिनचे मापदेखील उपाशी सशाची रक्तशर्करा ४५ पर्यंत उतरविणाऱ्या मात्रेवरून ठरविले जाई. म्हणजे हे औषध मोजले गेले तेच त्याच्या धोक्याच्या मापाने. पुढे १९३८ साली न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक ॲलन व्हिपल यांनी निदानाची तीन अंगे सांगितली: लक्षणे साखर उतरल्याची असावीत, त्याच वेळी मोजलेली साखर खरोखर कमी असावी, आणि साखर देताच लक्षणे जावीत. निदानाची ही कसोटी आजही कायम आहे. गुरुजींच्या बाबतीत तिन्ही अंगे दहा मिनिटांत पुरी झाली.

आकड्यांविषयी थोडे सांगावयास हवे. रक्तशर्करा १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम यावर मोजतात. मधुमेहाचे उपचार चालू असलेल्या व्यक्तीत ती ७० च्या खाली गेली की सावध व्हावे आणि लक्षणे नसली तरी साखर घ्यावी. ५४ च्या खाली ती गंभीर समजतात. आणि आकडा कोणताही असो, रुग्णाला स्वतःचे स्वतः सावरता येत नसेल, दुसऱ्याची मदत लागत असेल, तर ती आणीबाणीच होय.

लक्षणे दोन टप्प्यांत येतात. पहिला टप्पा म्हणजे शरीराने दिलेली हाक: हातापायांना कंप, छातीत धडधड, दरदरून घाम, एकाएकी कडकडून भूक, ओठ व जीभ यांना मुंग्या, अकारण भीती. दुसरा टप्पा मेंदूच्या उपासमारीचा. या वेळी माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, हिशेब चुकतो, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकतो, दोन-दोन प्रतिमा दिसतात; मग ग्लानी, आकडी, बेशुद्धी. नातेवाइकांनी विशेष लक्ष द्यावे ते या दुसऱ्या टप्प्याच्या आरंभाकडे, कारण तेथे रुग्णाला स्वतःला काहीच झालेले नाही असे वाटत असते. एका माउलींनी मला सांगितले होते, "हे एरवी शब्दाने दुखवत नाहीत. ताटावरून ओरडले की मी आधी साखर देते, मग बोलते." इतके अचूक निरीक्षण मी वैद्यकीय पुस्तकातही क्वचितच वाचले आहे.

काहींना पहिली हाक ऐकूच येत नाही. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातील औषध चालू असेल तर धडधड आणि कंप झाकले जातात. घाम तेवढा राहतो. गुरुजींच्या बाबतीत हेच झाले होते. ज्यांची साखर वारंवार उतरते त्यांच्या शरीराला तर या उताराची सवय होऊन जाते आणि सूचना न देताच ते एकदम बेशुद्ध पडतात. काही आठवडे साखर मुद्दाम थोडी चढी ठेवली, उतरू दिलीच नाही, तर ही हरपलेली जाणीव बऱ्याच अंशी परत येते.

आता घरी काय करावे ते. रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज ताबडतोब द्यावे: ग्लुकोज पावडरीचे तीन चमचे पाण्यात, किंवा साध्या साखरेचे तीन ते चार चहाचे चमचे पाण्यात विरघळवून, किंवा अर्धा कप फळांचा गोड रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर मोजावी. ७० च्या वर आली नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. आली असेल तर लगेच पोळी, भात, दूध-बिस्किटे असे काहीतरी खावयास द्यावे, कारण प्यालेल्या साखरेचा आधार फार वेळ टिकत नाही. पेढा, बर्फी, चॉकलेट या वेळी कामाचे नाही. त्यातील स्निग्ध पदार्थामुळे साखर रक्तात पोचावयास वेळ लागतो. कृत्रिम गोडी घातलेल्या 'शुगर फ्री' पेयाने तर काहीच होत नाही. घाईत फ्रीजमधून नेमके तेच काढून दिल्याची उदाहरणे आहेत. ॲकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही औषधे चालू असलेल्यांना साध्या साखरेचा उपयोग उशिरा होतो, कारण तिचे विघटन ही औषधेच रोखून धरतात. त्यांच्या घरी ग्लुकोजच हवे. आणि ग्लुकोमीटर हाताशी नसेल तर? लक्षणे दिसताच साखर द्यावी, मोजण्यासाठी थांबू नये. साखर आधीच चढलेली असेल तर चार चमच्यांनी ती आणखी थोडी चढेल, इतकेच.

रुग्ण बेशुद्ध असेल, आकडी येत असेल किंवा गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. दातखीळ उचकटून चमच्याने साखरपाणी ओतणे हे प्रेमापोटी होते. पण ते पाणी फुप्फुसात उतरते. कांदा किंवा चप्पल हुंगविण्यात जाणारी दहा मिनिटेही फार मोलाची असतात. रुग्णाला कुशीवर वळवावे, १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा आणि जो कोणी येईल त्याला पहिल्या वाक्यात "यांना मधुमेह आहे, इन्शुलिन (किंवा गोळी) चालू आहे" एवढे सांगावे. ग्लुकागॉन नावाचे इंजेक्शन असते. ते घरच्या माणसालाही स्नायूत टोचता येते आणि ते यकृतातील साखर बाहेर काढते. आपल्याकडे ते सर्वत्र सहज मिळत नाही. आणि दीर्घ उपास घडलेल्या किंवा मद्यपान केलेल्या माणसात, यकृताचा साठाच रिता असल्याने, त्याचा गुणही कमी येतो.

रुग्णालयात उपचार साधा आहे. २५ टक्के डेक्स्ट्रोजच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते. ते शिरेतून दिले की बहुतेक रुग्ण काही मिनिटांत जागे होतात. मद्यपी व कुपोषित रुग्णांना त्याबरोबर थायमिन द्यावे लागते. या बाटलीची किंमत एका साध्या जेवणाच्या थाळीहून कमी आहे. मात्र खरी अडचण त्यानंतर सुरू होते, आणि नातेवाइकांशी आमचा वाद होतो तो येथेच. रुग्ण उठून बसला, बोलू लागला, चहा प्याला. आता घरी का सोडत नाही? बिल वाढविण्यासाठी ठेवून घेतात, असेही ऐकावे लागते. गुरुजींच्या मुलालाही त्या रात्री हेच वाटत होते. पण गुरुजी घेत होते ती ग्लिबेनक्लामाइड जातीची जुनी, दीर्घकाळ अंमल टिकणारी गोळी होती, आणि तपासणीत त्यांचे मूत्रपिंड मंदावलेले आढळले. अशा रुग्णात गोळीचा निचरा होत नाही; ती दोन-तीन दिवसही साखर पाडत राहू शकते. १० टक्के डेक्स्ट्रोजचे सलाईन चालू असूनही रात्री दोन वाजता गुरुजींची साखर पुन्हा ३८ वर आली. ते घरी झोपलेले असते, तर सकाळी उठले नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतही साठीपुढील रुग्णांना ही गोळी योग्य नाही अशी टीप आहे. तरीही स्वस्त आणि सवयीची म्हणून ती खेड्यापाड्यांतील जुन्या चिठ्ठ्यांवर अजून दिसते. वाचकांनी आपल्या घरातील वृद्धांच्या गोळ्यांची पाकिटे एकदा डॉक्टरांना दाखवावीत.

वृद्धांच्या बाबतीत साखर फार ताणून खाली ठेवण्याचा अट्टाहासही आता वैद्यक करीत नाही. अमेरिका व कॅनडातील ॲकॉर्ड या मोठ्या अभ्यासात दहा हजारांहून अधिक रुग्ण होते. साखर कडक नियंत्रणात ठेवलेल्या गटात मृत्यू अधिक होऊ लागल्याने तो कडक उपचार फेब्रुवारी २००८ मध्ये थांबवावा लागला. त्या गटात साखर गंभीर उतरण्याचे प्रसंगही अधिक होते. तेच त्या मृत्यूंचे कारण, असे सिद्ध झाले नाही; पण सर्वांना एकच माप लावू नये, हा धडा पक्का झाला.

इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ही चूक आपल्याकडे सुशिक्षितांच्या घरीही होते. भारतात इन्शुलिनच्या कुप्या दोन तीव्रतेच्या मिळतात: एका मिलिलिटरात ४० युनिट, आणि एका मिलिलिटरात १०० युनिट. सिरिंजही दोन प्रकारच्या. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. ४० च्या सिरिंजने २० या खुणेपर्यंत भरले की अर्धा मिलिलिटर येते. कुपी ४० ची असेल तर ते २० युनिट. पण कुपी १०० ची असेल तर तेच ५० युनिट होतात, म्हणजे अडीचपट. उलट अदलाबदलीत २० ऐवजी केवळ ८ युनिट पोटात जातात, साखर चढते, आणि मग डॉक्टर मात्रा वाढवितात. दुकानदाराने एखादे दिवशी "तेच आहे, फक्त दुसऱ्या कंपनीचे" म्हणून वेगळी कुपी दिली की हा प्रकार घडतो. कुपीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग दर वेळी जुळवून पाहावा. दृष्टी अधू असेल तर नातवंडांना पाहावयास सांगावे.

इतरांच्या चुका सांगताना आमची झाकू नये. पायाच्या जखमेसाठी दाखल झालेल्या एका शेतकरी रुग्णाची शस्त्रक्रिया यादीत पहिली होती. सकाळी साडेसातला त्यांना नेहमीचे इन्शुलिन दिले गेले. भूल द्यावयाची म्हणून तोंडाने काही दिलेले नव्हते. तेवढ्यात एक अडलेली बाळंतीण आली, शस्त्रक्रियागृह तिच्यासाठी गेले, आणि यादी दुपारपर्यंत लांबली. इन्शुलिन दिलेला, उपाशी, सलाईनही नसलेला असा तो माणूस खाटेवर पडून होता. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाने हाक मारली, "सिस्टर, पाटील घामाने भिजलेत." साखर ४२ होती. वेळीच सावरले. पण ते श्रेय आमच्या व्यवस्थेचे नसून शेजाऱ्याचे होते. त्या आठवड्यापासून वॉर्डात नियम झाला: ताट समोर आल्याशिवाय जेवणाआधीचे इन्शुलिन टोचावयाचे नाही, आणि उपाशी ठेवलेल्या मधुमेही रुग्णाची साखर दर तासाला पाहावयाची. प्रत्येक वॉर्डात डेक्स्ट्रोज, सिरिंज, ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज पावडर यांचा एक स्वतंत्र डबा ठेवलेला असतो. त्याला कुलूप नाही. ते नसावे यासाठी भांडार विभागाशी बरेच भांडावे लागले.

ताटावरून अन्नदान निधीची आठवण झाली. या निधीला देणगी देणाऱ्यांना कदाचित कल्पना नसेल, की रात्रीचे मोफत जेवण हा इन्शुलिनवरील रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहे. रोजंदारीवर जगणारे कुटुंब पैशाच्या ओढीत पहिली काटछाट संध्याकाळच्या जेवणात करते. औषध मात्र "डॉक्टरांनी सांगितले आहे" म्हणून नेमाने घेते. साखर मध्यरात्री उतरते ती अशा घरांत. सकाळी डोके दुखणे, अंथरूण घामाने ओले असणे, रात्री भयंकर स्वप्ने पडणे, ही तिची खूण.

सर्वच प्रसंग गुरुजींसारखे संपत नाहीत. एकदा एस. टी. स्थानकाच्या बाकावर दुपारपासून पडलेल्या एका गृहस्थांना रात्री उशिरा कोणीतरी आणले. चालताना झोकांड्या जात होत्या, बोलणे जड होते, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्यांनी दारू प्यालेला समजून सोडून दिले होते. खिशात इन्शुलिनचे पेन होते. ते कोणी पाहिले नाही. डेक्स्ट्रोज दिल्यावर साखर वर आली, ते मात्र जागे झाले नाहीत. पुढे काही दिवसांनी डोळे उघडले. पण भेटावयास येणारी मुलगी आपली आहे, हे त्यांना शेवटपर्यंत उमगले नाही. पन्नाशीही न गाठलेला माणूस.

लहान मुलांविषयी थोडक्यात. कमी वजनाची व दिवसांआधी जन्मलेली बाळे, तसेच मधुमेही मातांची बाळे यांची साखर जन्मानंतर पहिल्या काही तासांत उतरू शकते. त्यासाठी पहिल्या तासात स्तनपान आणि बाळाला उबेत ठेवणे हे पहिले औषध. अतिकुपोषित मुलांत उपाशी राहिल्याने साखर उतरते, म्हणून त्यांना रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी भरवावे लागते. बिहारमधील मुझफ्फरपूर येथे लिचीच्या हंगामात पहाटे आकडी येऊन मुले दगावत. २०१४ साली तेथील दोन रुग्णालयांत ३९० मुले दाखल झाली आणि १२२ मृत्यू पावली. शोधाअंती २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की लिचीतील विषद्रव्ये शरीराची साखर तयार करण्याची क्रिया रोखतात, आणि दिवसा लिची खाऊन रात्री न जेवता झोपलेल्या मुलांना त्याचा फटका बसतो. आलेल्या प्रत्येक मुलाची साखर तत्काळ तपासून दुरुस्त करावी आणि मुलांना रात्री जेवू घालावे, असा सल्ला त्यावरून दिला गेला.

गुरुजी चौथ्या दिवशी घरी गेले. गोळी बदलली, मात्रा कमी केली, मूत्रपिंडाच्या तपासणीची तारीख दिली. खिशात ठेवावयाचे कार्ड आमच्या समाजसेविकांनी लिहून दिले, त्यावर मधुमेह, औषधाचे नाव आणि मुलाचा दूरध्वनी क्रमांक. उपास सोडावयास ते तयार नव्हते आणि मीही तो आग्रह धरला नाही. ठरले ते असे: संकष्टीच्या सकाळी गोळी घ्यावयाची नाही, अकराला दूध आणि केळे, दुपारी राजगिऱ्याचा लाडू, चारला बोटातून साखर पाहावयाची, ७० च्या खाली असेल तर उपास तेथेच मोडावयाचा. शेवटच्या कलमावर गुरुजींनी बराच विचार केला. मग सूनबाईंना म्हणाले, "गणपतीला मी सांगतो. तू ग्लुकोजचा डबा देवघराशेजारी ठेव."